खारपाणातली विहीर

अकोला आणि दर्यापूरच्या मधे आमचा भाजीचा मळा. तिथली विहीर खोल करायचा सल्ला माझाच. माझं माहेर मोर्शीचं. तिथे वडिलांनी खोल खणलं तेव्हा गोड पाणी लागलं. इथेही लागेल, असं मी ठामपणे सांगितलं आणि माहेरून संत्र्याची कलमं आणून सावलीत ठेवली. सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, विहिरीवर माणसं लावली. पाणी मचूळ निघालं. "आणखी खाली जाऊ द्या," मी म्हटलं. खाली ते जास्तच खारट झालं, तरी खणणं चालूच होतं.

त्याच दिवसांत धाकटे दीर नागपूरहून आले. मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या त्या मोठ्या कॉलेजात ते दगडमातीचं शास्त्र शिकत. त्यांच्यासाठी मी पुरणाचे मांडे करायला घेतले. दुपार होती. अंगणातल्या चुलीवर पालथं खापर तापत होतं. उन्हाच्या झळांत मेळघाटचा डोंगर जमिनीपासून सुटून तरंगत होता.

हातांवर झेलत मांडा मोठा केला. कडा जाड राहिल्या, मधे पातळ होऊन झोल पडला.

"वहिनी, थांबा जरा," दीर म्हणाले. मग ओसरीवर बसलेल्या मामाजींकडे वळले. "बावा, हे पाहा. आपली जमीन अशीच ताणल्या गेली. दोन्हीकडून ओढ बसली, मधात पातळ झाली. मंग भेगा पडल्या न मधातला पट्टा खाली बसला. तो डोंगर म्हणजे वर राह्यलेली कड."

"आन त्यात मीठ कोणं टाकलं?" मामाजींनी विचारलं.

"त्या खोलगटात पूर्णेनं गाळ भरला. खालच्या पाण्याले बाहेर वाट नाही, खार तिथंच साचला. जितकं खोल जासान, तितकं खारं."

"तुले नागपूरले कायले धाडलं रे? विहीर बंद पाडाले?"

मांडा हातांवर संथ लोंबत होता. पायांखालची जमीनही तशीच ताणते आहे असं वाटलं. डोंगर उत्तरेला सरकत होता. चूल, मळा, आम्ही तिघं, सगळे आवाज न करता खाली उतरत होतो. किती वेळ उभी होते कोण जाणे. मांडा फाटला. फाटका तसाच खापरावर टाकला.

"मामाजी, माणसं वर बोलवा. चूक माही आहे."

"आन कलमं?"

"मोर्शीले परत."

ते उठून विहिरीकडे गेले. थोड्या वेळाने पहारींचा आवाज थांबला.

कलमं बैलगाडीने गेली. तिकडे रुजली, असा वडिलांचा निरोप आला. त्या साली बघायला जाणं जमलं नाही. इकडे पावसाच्या ओलीवर येणारा हरभरा पेरायचा होता.