हेस्टर पेगलरची फुली

हेस्टर पेगलर निवडणुकीला उभी राहिली ती हरण्यासाठी. हे तिनंच मला सांगितलं, माझ्या दुकानात अंडी निवडता निवडता. "फक्त नाव द्यायचंय गं, विनी. प्रचार नाही, भाषण नाही, आणि जिंकायचं तर मुळीच नाही."

आमच्याकडे अशांना कागदी उमेदवार म्हणतात. ऑर्मस्टन गावातून ॲशकोम साहेब वर्षानुवर्षं जिल्हा कौन्सिलवर जात होते. समोर कुणी उभंच राहत नसे, म्हणून मतदानही होत नसे. यंदा दुसऱ्या पक्षाच्या रॉडनीला हुक्की आली, की निदान कागदावर तरी एक नाव हवं. तो दारोदार हिंडला आणि सगळ्यांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. हेस्टरनं मात्र सही केली. ती शाळेत मुलांना जेवण वाढते, आणि कुणी तिसऱ्यांदा पुडिंग मागितलं तरी तिच्या तोंडून 'नाही' निघत नाही. रॉडनी तर पिकल्या केसांचा माणूस, त्याला ती काय नाही म्हणणार!

पण ती बेसावध नव्हती. ऑर्मस्टनमधली बहुतेक घरं ॲशकोम इस्टेटीची आहेत, आणि हेस्टरचंही त्यांतलंच. तिचा नवरा विल्फ इस्टेटीच्या रानाची राखण करायचा. तो गेल्यावर साहेबांनी तिला घरात राहू दिलं, ते निव्वळ मर्जीवर. म्हणून सही करण्याआधी ती टोपी घालून साहेबांच्या बंगल्यावर परवानगी मागायला गेली. साहेब खो खो हसले. म्हणाले, "उभी राहा की, हेस्टर! मलाही जरा शोभा येईल."

ज्याला पाडायचं त्याचीच परवानगी मागायला जाणारी उमेदवार आमच्याच गावात सापडायची. मी तिला तसं म्हटलंही. ती म्हणाली, "पाडायचंय कुणाला?"

मग कोंबड्यांचं प्रकरण निघालं. शाळेच्या मागच्या कुरणात इस्टेट कोंबड्यांच्या मोठमोठ्या शेड घालणार होती, आणि परवानगी कौन्सिलच देणार होतं. रात्रंदिवस ट्रक, वास आणि माश्या. गाव आतून पेटलं, पण बाहेर सगळे मूग गिळून गप्प. घरं कुणाची, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. माझ्या दुकानात मात्र गिऱ्हाईक दुसरं गिऱ्हाईक बाहेर जाण्याची वाट बघायचं, आणि मग काउंटरवर वाकून कुजबुजायचं, "आमचं मत हेस्टरलाच. कुठं बोलू नकोस हं."

हे मी हेस्टरला सांगितलं तेव्हा तिच्या तोंडचं पाणी पळालं. "नको गं बाई! त्यांना सांग, नका देऊ!"

"लोक मतं देतायत आणि तू नको म्हणतेस?"

"मी जिंकले तर साहेब मला ठेवतील का घरात? सांग ना. विल्फनं लावलेली ती सफरचंदाची झाडं, ते स्वयंपाकघर... मी या वयात कुठं जाऊ, विनी?"

मी म्हटलं, "उगाच रडगाणं गाऊ नकोस." माझी जीभ तिखट आहे.

त्या दिवसापासून तिनं धास्तीच घेतली. इस्टेटीचा मॅनेजर गाडी घेऊन गल्लीतून जाताना तिच्या फाटकापाशी वेग कमी करू लागला. एकदा थांबला, काच खाली केली, घराच्या छपराकडे निवांत पाहिलं आणि काही न बोलता गेला. त्या संध्याकाळी हेस्टरनं पडदे ओढले ते उघडलेच नाहीत. चर्चमध्ये कुणी तिच्याकडे बघून हसलं, की ही दुसऱ्या दारानं पळे. रॉडनीनं तिच्या नावाची पत्रकं आणून दिली, तर तिनं ती चुलीत घातली.

मतदानाला मी तिच्याबरोबर गेले. गावच्या हॉलबाहेर कुत्री बांधलेली, आत मोजकीच माणसं, आणि टेबलाशी यादीवर खुणा करत बसलेली मॅनेजरची बायको. हेस्टर कागद घेऊन आडोशाला गेली आणि किती तरी वेळ आलीच नाही. दोरीला बांधलेली पेन्सिल फळीवर टकटक वाजत होती, तेवढा आवाज येत होता. बाहेर आली तेव्हा चेहरा पांढराफटक.

"हात थरथरला," ती हॉलबाहेर म्हणाली. "त्यांचं नाव वर, माझं खाली, आणि फुली पडली मधल्या रेघेवर. एक तंगडी त्यांच्या चौकटीत, एक माझ्या."

"अगं, मग दुसरा कागद मागायचास! देतात."

"तिच्याकडे मागू?"

"पण द्यायची कुणाला होती फुली?"

तिनं टोपी खाली ओढून घेतली, तरी डोळे मला दिसले. एवढी घाबरलेली नजर मी माणसाची पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या बॅडमिंटन हॉलमध्ये मोजणी झाली. उमेदवाराला सोबत एक माणूस नेता येतो, म्हणून मी गेले. गठ्ठे मोजले, परत मोजले, उलटसुलट करून पुन्हा मोजले. निवडणूक अधिकारी म्हणजे चष्मा कपाळावर सरकवून बसणारी एक शांत बाई. त्यांनी आम्हाला आणि साहेबांना टेबलाशी बोलावलं.

"दोघांची मतं अगदी सारखी आहेत. ही एक मतपत्रिका शंकेची आहे. तुम्ही दोघं बघा, काय वाटतं ते सांगा. मग मी ठरवीन."

बाईंनी कागद टेबलावर ठेवला. हेस्टरची बोटं माझ्या दंडात रुतली. फुली अगदी फिकट होती, रेघेवर तिरकी पडलेली.

साहेब वाकले आणि हसले. "बिचाऱ्याचं मनच ठरलं नाही! बाद करा. मग चिठ्ठी काढू, देवाला सोपवू. काय हेस्टर, हरकत नाही ना?"

अगदी गोड आवाजात विचारलं त्यांनी. नुसती मान हलवायची होती, आणि मान हलवण्यात तर हिचा जन्म गेलेला. मला वाटलं, झालं, हलवलीच हिनं. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

"मन ठरलं होतं," हेस्टर म्हणाली. आवाज इतका बारीक, की अधिकारी बाईंनी कान पुढं केला. "हात भ्याला होता फक्त."

साहेबांचं हसू जागच्या जागी राहिलं. त्यांनी आधी कागदाकडे पाहिलं, मग हेस्टरच्या हाताकडे. तो अजून थरथरत होता.

"मन मला दिसत नाही हो," अधिकारी बाई म्हणाल्या, "पेन्सिल दिसते." त्यांनी चष्मा खाली ओढला आणि कागद डोळ्यांशी नेला. "फुलीच्या दोन रेघा एकमेकींना छेदतात ते मधल्या रेघेच्या खाली. थोडंसंच, पण खालीच. हे मत पेगलर यांना."

टाळ्या वाजल्या. रॉडनी तर लहान पोरासारखा नाचला. साहेबांनी रीतीप्रमाणे हात मिळवला आणि तो हात न सोडताच हळू आवाजात म्हणाले, "अभिनंदन. सोमवारी मॅनेजर येईल हं, घराबद्दल बोलायला."

परतीच्या वाटेवर गाडीत हेस्टरला पट्टासुद्धा लावता येईना. मीच लावून दिला. मग ती म्हणाली, "विनी, सोमवारी येशील ना माझ्याकडे? तो यायच्या आधीच येऊन बस. त्याला दिसू दे, मी एकटी नाही."

इतके दिवस हिला भित्री म्हणून हिणवणारी मी. माझ्या दुकानाची जागाही इस्टेटीचीच आहे, आणि दर वर्षी करार वाढवून द्यायचा की नाही हे तोच मॅनेजर ठरवतो. पुढं एक ट्रॅक्टर चालला होता, त्याच्यामागे मी उगाचच रेंगाळले.

"येते," मी म्हटलं. पण तिच्याकडे बघण्याचं टाळलं, आणि ते हेस्टरला कळलं.