पूर्वेकडे पाय

सुरतेतल्या माझ्या खोलीला आज चुना लावून राहिले आहेत. त्या वासानं मी थेट भिलाईत पोचलो. ईस्टरच्या आदल्या दिवशी आई आणि मी बाबांच्या कबरीला चुना देत होतो. आमच्यात पुरताना पाय पूर्वेकडे ठेवतात. येशू परत येईल तेव्हा उठल्याबरोबर तो समोर दिसावा, म्हणून.

"आई, तोवर मी मोठा झालो तं बाबा मले ओळखतील काय?"

"पयले कान धरतील, शाळा कावून सोडली म्हनून!" आई हसली. "तू फक्त पायथ्याशी उभा राह्य, बाबू."

तिचे उपकार, त्या हसण्यावरच मी इथवर तगलो. पण पहाट लाल झाली की जीव थाऱ्यावर राहत नाही. येशू आजच आला, तर बाबा उठून मला पायथ्याशी शोधतील, आणि मी इथं.