चोरी नव्हे, आजार

“स्किझोफ्रेनिया आहे,” डॉक्टर म्हणाल्या. माझा धाकटा भाऊ संजय खुर्चीत, मागे हवालदार. संजय वॉर्डात जाणार की कळंब्याच्या तुरुंगात, हे याच तपासणीवर ठरणार होते.

मी घाबरलो नाही. आजाराला नाव तरी मिळाले. यात मेंदूला नसलेले आवाज खरे वाटतात, असे त्यांनी समजावले. संजयशी म्हशी बोलायच्या.

कागलजवळच्या आमच्या गावात त्याने भर दुपारी शेजारच्या आण्णांच्या म्हशी सोडल्या. ‘नदीला ने’ म्हणाल्या म्हणून. हायवेवर पोलिसांनी म्हशींसकट धरले. तक्रार चोरीची.

ठाण्यात मामा माझ्या कानाला लागले, “दारूच्या नशेत केलं म्हण. खुळा हाय म्हटलंस तर पोरीचं लगीन हुतंय व्हय?”

आमच्याकडे घरात दारुडा चालतो, वेडा चालत नाही. मुलगी माझीच. तरी साहेबांना सांगितले, “हा दारूला शिवत नाही. याला आवाज ऐकू येतात. दवाखान्यात न्या.”

“कोर्टात हेच सांगशीला?” साहेबांनी विचारले.

“सांगतो.”

सांगितले. मॅजिस्ट्रेटनी त्याला तपासणीसाठी सरकारी रुग्णालयात पाठवले. कायद्यात ही सोय आहे. पण आजार कोणीतरी बोलून दाखवावा लागतो.

रक्त तपासले, सीटी स्कॅन झाला. डोक्यात गाठ वगैरे नाही ना, हे बघायला. मग अँटिसायकोटिक, म्हणजे आवाज कमी करणाऱ्या गोळ्या. हात थरथरले, वजन वाढले; डोस बदलल्यावर थरथर थांबली. डॉक्टरांनी बजावले, “बरं वाटलं म्हणून गोळी तुम्ही बंद करायची नाही.” अजून केलेली नाही.

आण्णा कोर्टात म्हणाले, “म्हशी गावल्या की. आता माणूस बरा हूं दे.” कोर्टाच्या परवानगीने तक्रार मिटली.

मुलीचे एक स्थळ परत गेले. ती म्हणाली, “बरं झालं बाबा, आधीच कळलं.”

तुमच्यावर ही वेळ आली तर ठाण्यात आजार लपवू नका. नशा, राग, भांडण असले दुसरे नाव देऊ नका. दिलेत तर दार तुरुंगाचेच उघडते.

परवा आम्ही दोघे आण्णांकडे दूध आणायला गेलो. आण्णांनी धार काढता काढता विचारले, “काय रं संज्या, आज काय म्हणत्यात म्हशी?”

मी संजयकडे पाहिले. संजयने किटली पुढे केली.

“पाणी कमी घाला म्हणत्यात.”

आधी तोच हसला.