सातव्या महिन्यातलं इंजेक्शन

डॉक्टरबाईंनी पाचव्या महिन्यातच सांगितलं होतं, "पावसाळा तोंडावर आलाय, फ्लूची लस घेऊन टाका." मी मान डोलावली आणि सातवा लागला तरी गेले नाही.

त्याआधीच्या खेपेला तिसऱ्या महिन्यातच सगळं संपलं होतं. तेव्हापासून माझा कशावरच भरवसा उरला नव्हता. डोकं दुखलं तर डॉक्टरांनीच दिलेली गोळी हातात घेऊन बसून राहायची आणि शेवटी परत डबीत ठेवायची. लस घेतली आणि काही झालं तर? नाही घेतली आणि काही झालं तर? कंपनीत पार्ट तपासताना डोळे मापाच्या गेजवर असायचे आणि डोक्यात हे दोन प्रश्न.

मग एके दिवशी कंपनीतली माझ्या शेजारच्या टेबलावरची मैत्रीण तापानं फणफणली. तिला दवाखान्यात ठेवावं लागलं आणि रिपोर्टमध्ये फ्लू निघाला. आदल्याच दिवशी मी तिच्या डब्यातली वांग्याची भाजी खाल्ली होती. घरी आल्यावर मी सारखी आरशात घसा बघत होते, कपाळाला हात लावून बघत होते.

नवरा म्हणाला, "डॉक्टर सांगतायत तर घे ना. त्यात एवढं काय?" आणि शिफ्टला निघून गेला. त्याचं बरोबरच होतं, म्हणून मला जास्त राग आला.

सासूबाईंचं वेगळंच होतं. आमचं घर चाकणच्या जुन्या गावठाणातलं. त्यांचा सगळा जन्म तिथंच गेला. त्या म्हणाल्या, "धनुर्वाताची घेतलीस ती ठीक हाय. ही नवी कसली काढली? माझी चार बाळंतपणं झाली, मला कुनी न्हाई टोचलं."

सुट्टीच्या दिवशी मी कुणाला न सांगताच निघाले. चप्पल घालते तोवर सासूबाई डोक्यावर पदर घेत बाहेर आल्या.

"कुटं निघालीस?"

"दवाखान्यात."

"मंग मी येते."

मला वाटलं, अडवायलाच येतायत. रिक्षात आम्ही दोघी दोन टोकांना बसलो. चौकाच्या अलीकडे कंटेनर आडवा झाला होता, मागेपुढे गाड्याच गाड्या. रिक्षावाला शिव्या घालत होता आणि मला मनातून वाटत होतं, हे ट्रॅफिक सुटूच नये.

दवाखाना मेडिकलच्या दुकानावर, एक जिना चढून. आत गर्दी होती. कोपऱ्यात एक माणूस खोकत होता. मी उठून लांबच्या बाकावर बसले, तिथं पंखा नव्हता म्हणून पुन्हा उठले, दारात जाऊन उभी राहिले. पोटात बाळ सकाळपासून फारसं हललं नव्हतं, की मलाच कळत नव्हतं?

"बस की जरा," सासूबाई म्हणाल्या. "तुला बघून माझं काळीज धडधडाया लागलंय."

नंबर आला. डॉक्टरबाईंनी फ्रिजमधून खोका काढला. आत भरलेलीच सिरिंज होती. मी खोका हातात घेऊन त्यावरची तारीख वाचली. मग पुन्हा वाचली. त्यांनी खोका माझ्या हातात राहू दिला.

"ही टोचली तर पोटातल्या लेकराला काय हुत न्हाई ना?" सासूबाईंनी थेट विचारलं.

"नाही आजी. उलट आईला ताप चढला तर दोघांनाही त्रास. हिनं घेतली तर जन्मल्यावरही बाळाला काही महिने त्याचा आधार राहतो. हात दुखेल, अंग कसकस करेल, एवढंच."

मी बाही वर केली. तेवढ्यात सासूबाई पुन्हा बोलल्या, आणि आता आवाज बारीक झाला होता.

"बाई, मागल्या टायमाला हिचं गेलं, ते कशानं गेलं?"

घरात तो विषय कुणीच काढत नव्हतं.

"म्या हिला जत्रंला नेली व्हती. जीपमधी. रस्ता लय खराब व्हता. ही नको म्हनत व्हती, मीच म्हनलं, देवाचं हाय, चल. त्यानंच झालं ना?"

डॉक्टरबाईंनी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. "आजी, जीपनं असं होत नाही. तिसऱ्या महिन्यात जातं, तेव्हा बहुतेक वेळा गर्भाची जुळणीच सुरुवातीपासून बिघडलेली असते. तुम्ही हिला घरी बसवलं असतं तरी ते टिकलं नसतं. तुमचा दोष नाही आणि हिचाही नाही."

दोन वर्षं मी माझ्या ओव्हरटाइमला दोष देत होते, आणि शेजारच्या खोलीत ह्या बाई जीपला. सासूबाईंनी पदरानं तोंड पुसलं. मी म्हटलं, "आई, माझा हात धरा."

त्यांनी दुसरा हात धरला. सुई मुंगी चावावी तशी लागली.

डॉक्टरबाईंनी थोडा वेळ बाहेर थांबायला सांगितलं. जीवाला स्वस्थता म्हणून नव्हतीच. हाताला खाज सुटलीय का, श्वास लागतोय का, सगळं चाचपून झालं. संध्याकाळी घरी अंग जरा गरम वाटलं, तशी मी दर थोड्या वेळानं थर्मामीटर लावू लागले. शेवटी सासूबाईंनी तो काढून घेतला आणि गरम भाकरी, दूध पुढ्यात ठेवलं. "आदी खा." खाऊन डाव्या कुशीवर पडले, आणि बाळानं आतून अशी ढुशी मारली की मी मोठ्यानं ओरडलेच.

ताप आला नाही. हात दोन दिवस दुखला. जीवाची घालमेल मात्र बाळंतपणापर्यंत गेली नाही, ती काही सुईनं जाणारी नव्हती. मुलगी झाली, चांगली रडकी.

सासूबाईंनी स्वतः मात्र लस घेतली नाही. "म्हाताऱ्या हाडाला काय हुतंय?" म्हणाल्या. मुलगी महिन्याची असताना त्यांना सर्दी झाली. मी काही बोलायच्या आधीच त्यांनी अंथरूण बाहेरच्या खोलीत नेलं. दिवसातून कितीतरी वेळा उंबऱ्याशी यायच्या, तोंडाला पदर लावून, आणि तिथूनच विचारायच्या, "प्याली का गं? ढेकर काढलास का?" मी मुलीला उचलून त्यांच्याकडे तोंड करून धरायची.

"लांबच धर," त्या म्हणायच्या आणि तिथंच उभ्या राहायच्या.