कडी लावून आंघोळ

तीस वर्षं इस्पितळात आयाचं काम केलेल्या मावशींनी किती जणांना आंघोळ घातली असेल, देव जाणे! डॉक्टरांवर खेकसणारे बडे साहेबसुद्धा मावशींच्या हाती आले की डोळे मिटून गुमान बसायचे. आणि बघा, काय वेळ आली! मावशींचा खांदा मोडला, उजवा हात कानाच्या वर जाईना, तांब्या पेलवेना. आता चार महिने झाले, सूनच त्यांना आंघोळ घालत होती. सून गुणाची, तोंडातून कधी ब्र काढायची नाही. पण रोज तिच्यासमोर उघडं बसताना मावशींना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

शॉवर होता हो! पण गरम पाण्याची टाकी माळ्यावर, शॉवरच्या जेमतेम हातभर वर. पाण्याला जोर येणार कुठून? नुसतं ठिबकायचं. त्यात केसांतला साबण कधी निघायचा? एक दिवस प्लंबर म्हणाला, "मावशी, टाकीला पंप जोडून देतो. असा फवारा येईल, की एका हातानं मस्त न्हाल. नळ उघडला की पंप चालू, बंद केला की बंद." झालं! त्या दिवसापासून मावशींनी त्याचा पिच्छाच पुरवला.

रविवारी एकदाचा पंप बसला. सकाळपासून मावशी खांद्यावर टॉवेल टाकून बाथरूमच्या दारात ठाण मांडून बसल्या होत्या. प्लंबरनं ऐटीत बटण दाबलं, सुनेनं नळ उघडला, आणि शॉवर चक्क खोकायला लागला. फुर्रर्र, फट, फुर्रर्र! पाण्याची एक चिळकांडी, मग नुसती हवा. पंप घरघरतोय, भिंत थरथरतेय.

"पंपच खराब निघाला," प्लंबर कपाळ पुसत म्हणाला. "परत पाठवतो. पंधरा दिवस तरी लागतील."

पंधरा दिवस! मावशींचं तोंड एवढंसं झालं. पण कान मात्र त्या आवाजाकडेच होते. आणि एकदम त्या ताडकन उठल्या.

"अरे, पंपाला कशाला बोल लावतोस? त्याच्या पोटात हवा जातेय! सलाईनच्या नळ्या बघण्यात जन्म गेला माझा. बुडबुडा दिसला की सिस्टरला हाक मारायची! पंपाला पाणी कुठून घेतलंस?"

"टाकीच्या डोक्यावरच्या पाइपातून."

"कर्म माझं! पाणी तापलं की बुडबुडे वरच जमणार ना? आणि तू नेमकं तिथंच तोंड लावलंस? जरा खालून घे, बाजूनं!"

प्लंबरनं वर टाकीकडे बघितलं आणि जीभ चावली. "बरोबर आहे, मावशी. घाई नडली."

मग काय, वीज बंद, टाकी रिकामी. तिच्या कुशीला नवा जोड, तिथून थेट पंपाला वेगळा पाइप. टाकी पुन्हा भरली, पाणी तापत ठेवलं. तीन तास गेले. मावशी जेवायलासुद्धा उठल्या नाहीत.

या वेळी सुनेनं नळ उघडला मात्र, असा सणसणीत फवारा आला की ती किंचाळलीच! प्लंबर नखशिखांत भिजला आणि भिजल्या भिजल्या हसत सुटला. मावशी डाव्या हातानं मांडीवर थापा मारत ओरडल्या, "बंद कर गं बंद कर, माझं पाणी संपवशील! निघा दोघंही बाहेर!"

"आई, कडी नका हं लावू. पडलात तर?"

"लावणार! स्टूल आहे बसायला. चार महिने दार उघडं टाकून न्हातेय, आता पुरे."

कडी लागली. पंप घुमू लागला. सून दाराला कान लावून उभी, जीव मुठीत. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला आणि अचानक पंप थांबला. आत सगळं शांत.

"आई? अहो आई! काय झालं?"

"काही नाही गं," आतून आवाज आला. "रडू आलं आनंदानं. तुझ्यासमोर कधी रडता आलं नाही. थांब तिथंच, आत येऊ नकोस."

आणि पंप पुन्हा सुरू झाला.