खिळ्याला लावलेली चिठ्ठी

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिला मी नको त्या गोष्टीसुद्धा सांगत आलो आहे. आज सांगतोय तेही काही धीर आला म्हणून नव्हे. पुतण्यानं गेल्या आठवड्यात नवी गाडी घेतली आणि कागदांचा गठ्ठा माझ्यापुढं टाकून विचारलं, "काका, गाडी रस्त्यात बंद पडली तर ही कंपनी माणूस पाठवते म्हणे. वर्षाचे पैसे आधी भरायचे. घेऊ का? तुम्ही तर हाच धंदा केलाय." मी चष्मा पुसला आणि चहा गार होईपर्यंत कागद चाळत राहिलो. त्याला वाटलं, काका वाचताहेत.

हो, हाच धंदा केला मी. नगरला लागून असलेल्या केडगावात, पुणे रोडला माझं गॅरेज होतं. सगळे मला मिस्त्रीच म्हणायचे, माझं नाव फार तर पोस्टमनला माहीत असेल. सत्तर-एकाहत्तरच्या सुमाराला मला एक कल्पना सुचली, आणि तिचा मला भारी अभिमान होता. पाडव्याला गाडीवाल्यानं एकदाच ठरलेली रक्कम द्यायची. मग वर्षभर केडगावपासून पंधरा मैलांच्या आत त्याची गाडी कुठंही उभी राहिली, तरी मी माझी जीप घेऊन जाणार. सामानाचे पैसे त्याचे, मजुरी आणि हेलपाटा माझा. पंक्चर आणि संपलेलं पेट्रोल त्यात नाही. ज्यानं पैसे भरले त्याच्या बंपरवर मी स्वतःच्या हातानं पांढऱ्या रंगात एक पाना काढून द्यायचो. सुप्यापर्यंतच्या रस्त्यावर पांढरा पाना दिसला की लोक म्हणायचे, हा मिस्त्रीचा माणूस.

निरोप कसा यायचा? फोन कुणाकडं होता तेव्हा? जो कोणी नगरकडं जाणारा दिसेल — ट्रकवाला, सायकलवाला, बैलगाडीवाला — त्याच्याकडं चिठ्ठी द्यायची. तो ती गॅरेजच्या दाराशेजारच्या खिळ्याला टोचून पुढं जायचा. खिळ्याची पद्धत माझीच. मी सदा गाडीखाली, हात ग्रीसनं माखलेले. हातात दिलेली चिठ्ठी वाचायच्या आधीच काळी व्हायची. म्हणून मीच सगळ्यांना बजावलं होतं — हातात देऊ नका, खिळ्याला लावा, मी बघतो. हे ध्यानात ठेवा. पुढं लागेल.

बबनराव म्हणून एक ट्रकवाले होते. पारनेरच्या बाजूचे, जुना ट्रक, स्वतःच चालवायचे. पाडव्याला माझ्याकडं आले ते कपाळाला आठ्या घालूनच. "आन् वर्षभर गाडी बंदच न्हाई पडली तर, मिस्त्री? पैसं फुकट?" मी म्हटलं, "बंद पडली नाही तर तुमचं नशीब. पण पडली तर मी येतो, हे पक्कं." त्यांनी नोटा दोनदा मोजल्या आणि दिल्या. मग वसूल करायचे म्हणून की काय, पहिल्या चार महिन्यांत त्यांनी मला दोनदा बोलावलं. एकदा नुसती वायर सुटली होती. एकदा तर पेट्रोलच्या टाकीचं झाकण बसत नव्हतं. भर उन्हात मी बारा मैल गेलो ते झाकण दाबायला. राग आला होता मला. तो राग मी मनात नीट घडी घालून ठेवला होता, हे मला नंतर कळलं.

मग दुष्काळ आला. विहिरी आटल्या, आणि बबनरावांनी ट्रकवर लोखंडी टाकी बसवून घेतली. नगरला पाणी भरायचं, पुणे रोडनं यायचं, फाट्यावरून आत वळायचं आणि एका वाडीला नेऊन ओतायचं. दोन दिवसांआड एक खेप. अख्खी वाडी त्या खेपेवर होती.

त्याच वाडीतला गेणू. सायकलला दोन कॅन लावून केडगावला दूध आणायचा. दुष्काळात दूधही आटलं, तेव्हा तो दर तिसऱ्या दिवशी यायला लागला. मितभाषी, उंच, जरा वाकून चालणारा. या गेणूची एक ख्याती होती. त्याच्याकडं दिलेली वस्तू पोचायचीच. म्हातारीची औषधाची बाटली, कुणाचा काच फुटलेला चष्मा, नगरच्या जावयाला सांगायचा निरोप — वाडीतून निघताना त्याच्या सदऱ्याचे खिसे फुगलेले असायचे. लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी कुठला कागद कुणाचा हे कधी चुकलं नाही. तेवढीच त्याची इस्टेट म्हणा. जमीन म्हणावी अशी नव्हतीच.

त्या दिवशी सकाळी भरलेल्या टाकीसकट बबनरावांचा एक्सल तुटला. पुणे रोडवरच, फाट्याच्या बराच अलीकडं, वाडीपासून सात मैलांवर. समोरून गेणू सायकलवर आला. बबनरावांनी कॅलेंडरच्या मागचा जाड पुठ्ठा फाडला, त्यावर पेन्सिलीनं लिहिलं आणि त्याच्याकडं दिला. गेणू गॅरेजवर आला. माझे पाय तेवढे एका अँबॅसिडरखालून बाहेर दिसत होते. त्यानं पुठ्ठा खिळ्याला लावला, सायकलची घंटी दोनदा वाजवली आणि गेला. घंटी मी ऐकली.

पाच मिनिटांनी बाहेर येऊन मी तो पुठ्ठा काढला आणि वाचला. "एक्सल गेला. टाकी भरलेली आहे. लगेच या." खाली सही.

आता तुम्हीच सांगा, यात न समजण्यासारखं काय होतं?

ती अँबॅसिडर पुण्याच्या कुणा व्यापाऱ्याची होती. इंजिनातल्या पेट्रोलपंपाचं पॅकिंग, म्हणजे जोडात बसतो तो जाड कागद, गेलं होतं, पेट्रोल गळत होतं, आणि व्यापारी घाईत होता. काम झाल्या झाल्या तो हातावर पैसे ठेवणार होता. बबनरावांचे पैसे तर पाडव्यालाच येऊन गेले होते, खर्चूनही झाले होते. या धंद्यातली खरी गोम ती हीच, आणि ती कुठल्याच कागदावर लिहिलेली नसते. ज्याचे पैसे आधी आले, त्याच्याकडं जायला पाय जड होतात. समोरच्याचे अजून यायचे असतात. मी मनाशी म्हटलं, संध्याकाळी जाऊ. आणि मनात घडी घातलेला तो राग म्हणाला, बसू दे जरा वाट बघत, पुन्हा झाकणच बसत नसेल. एक्सल लिहिलंय हे डोळ्यांनी वाचत असतानाच मी हे म्हणत होतो.

पॅकिंगला कागद हवा होता. दुकान नगरात. हातातला पुठ्ठा मी बोटांनी चाचपला. बरोबर त्याच जाडीचा. मी तो पंपाच्या तोंडावर ठेवला, कडेनं हातोडीनं हलके ठोके दिले आणि कापला. छान बसला. व्यापारी खूश होऊन गेला. बबनरावांची चिठ्ठी त्या गाडीत बसून पुण्याला गेली.

संध्याकाळी मी गेलो नाही. दमलो होतो. दुसऱ्या दिवशी एक जीप आली, तीही रोखीची. विसरलो असं म्हणता आलं असतं, पण विसरलो नव्हतो. दर तासाला आठवत होतं, आणि दर तासाला जाणं अधिक अवघड होत होतं. उशीर झाला की माणूस आणखी उशीर करतो — का? कारण पोचल्यावर समोरच्याच्या तोंडाकडं बघावं लागतं.

तिकडं काय झालं ते मला नंतर कळलं. गेणूनं परतताना बबनरावांना सांगितलं, चिठ्ठी लावली, मिस्त्री गॅरेजवरच हाय. मग बबनराव निर्धास्त झाले. दोन ट्रकवाले स्वतः होऊन थांबले. एकजण तर नगरहून दुसरा मिस्त्री धाडतो म्हणाला. बबनरावांनी बंपरवरचा पांढरा पाना दाखवला आणि म्हणाले, माझा माणूस येतोय. वाडीत गेणूनं सांगितलं, टँकर येतोय. म्हणून वाडीनंही दुसरी सोय केली नाही. माझ्यावर कुणाचाच भरवसा नसता तर त्यांना त्या दिवशीच पाणी मिळालं असतं. त्या भरवशाचेच पैसे घेतले होते मी.

दुसऱ्या रात्री बबनरावांचा डोळा लागला आणि जवळच्या गावच्या लोकांनी टाकी रिकामी केली. त्यांना तरी काय बोलणार? राखायला काही उरलं नाही, तेव्हा तिसऱ्या दिवशी सकाळी बबनराव एका ट्रकवर बसून केडगावला आले. गॅरेजसमोरच्या चहाच्या टपरीवर पाचसहा गाडीवाले होते, बहुतेक पांढऱ्या पान्याचे. आणि गेणूही नुकताच येऊन सायकल टेकवत होता. त्याचा दिवस होता.

बबनराव भांडायला आले असतील असं मला वाटलं. पण ते फार दमले होते. ओठ फुटले होते. त्यांनी हळूच विचारलं, "मिस्त्री, दोन दिस झालं. चिठ्ठी न्हाई मिळाली व्हय?"

पळवाटेचं दार त्यांनी स्वतःच मला उघडून दिलं. मी टपरीवरच्या तोंडांकडं पाहिलं. खरं बोललो तर पुढच्या पाडव्याला यांतला एकतरी येईल?

मी म्हटलं, "नाही."

एवढंच. एक शब्द.

सगळे गेणूकडं बघायला लागले. तो म्हणाला, "म्या लावली हुती. खिळ्याला." मग माझ्याकडं वळला. "घंटी बी वाजीवली हुती." त्याच्या बोलण्यात आरोप नव्हता. तो मला विचारत होता. आणि मी — मी त्याच्यावर उपकार केल्यासारखं म्हणालो, "लावली असशील रे. वाऱ्यानं उडाली असेल." खिळा चांगला बोटभर लांब होता. वाऱ्यानं पत्रा उडेल, त्या खिळ्यावरचा पुठ्ठा नाही. गेणू खिळ्याकडं बघत राहिला. मग मान हलवून म्हणाला, "हातातच द्यायला पायजे हुती. चुकलं माजं."

हातात देऊ नका, हा नियम माझा होता. टपरीवरच्या प्रत्येकाला तो पाठ होता. कुणी बोललं नाही. मीही नाही.

त्याच दिवशी मी एक्सल घेऊन गेलो, मजुरी तर नाहीच, सामानाचेही पैसे घेतले नाहीत. ट्रक चालू झाल्यावर बबनराव खेप भरायला माझ्याबरोबरच नगरकडं परतले आणि भरलेल्या टँकरवरून मला वाडीपर्यंत घेऊन गेले. तिसरा दिवस होता तो वाडीचा पाण्यावाचून. बायका ओढ्यातल्या झिऱ्यावरून गढूळ पाणी भरत होत्या. ते पिऊन पोरांना हगवण लागली होती, गेणूच्या धाकट्या मुलीलाही. कुणी दगावलं नाही, पण ते माझ्यामुळं नाही. टँकर लागल्यावर लोक माझे आभार मानायला लागले. मिस्त्रीला चिठ्ठी न्हाई मिळाली, तरी कळल्याबरोबर आला. माझे हात ग्रीसनं भरले होते. कुणीतरी म्हणालं, मिस्त्रींना हात धुवायला द्या. तांब्या घेऊन गेणू पुढं आला आणि धार धरली. मी हात धुतले.

त्यानंतर गेणूचे खिसे फुगलेले दिसेनात. कुणी त्याला टाकून बोललं नाही, वाडीची माणसं तशी नव्हती. फक्त औषधाची बाटली दुसऱ्याकडं दिली जाऊ लागली. माझ्या धंद्याला मात्र काही झालं नाही. पुढच्या पाडव्याला पांढरे पाने वाढले, आणि बबनरावही आले.

काही वर्षांनी गेणू त्याच मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला. मी गाडीखाली होतो. म्हटलं, "खिळ्याला लाव, बघतो." काम संपवून मी बाहेर आलो तो अर्ध्या तासानं. गेणू उन्हात तसाच उभा होता. त्यानं माझ्या काळ्या हातात पत्रिका ठेवली, माझी बोटं तिच्यावर मिटवली आणि म्हणाला, "दिली बरं का, मिस्त्री." तेव्हा सांगता आलं असतं. दोघंच होतो.

पुतण्याला मी म्हटलं, घे. किती मैलांपर्यंत येतात, काय काय त्यात धरलंय, ते वाचून घे. बाकी ज्यानं यायचं त्याच्यावर आहे. तो म्हणाला, हे काय उत्तर झालं का, काका?

गेणू दोन वर्षांमागं गेला. दहाव्याला मी गेलो होतो. कुणीतरी प्रेमानंच म्हणालं, सरळ माणूस, उभ्या जन्मात त्याच्या हातून एकच चिठ्ठी हरवली. लोक हसले, मीही मान हलवली.

ती हरवली नव्हती. त्यानं ती खिळ्याला लावली, मी काढली, वाचली आणि कापली.