मावशींचं गाठोडं

माझ्या मुलाला आता मिशा फुटल्यात, पण त्याची पहिली दोन वर्षं मावशींच्या पाळणाघरात गेली. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, भिंतीलगत कठडे लावलेल्या पाच छोट्या खाटा आणि एकट्या मावशी. मुलांना त्या टोपणनावं द्यायच्या. माझा मुलगा 'साहेब' होता, कारण दूध यायला उशीर झाला की तो खेकसायचा.

मावशींची ख्याती होती गाठोड्याची. सुती कापड पसरायचं, बाळाचे हात अंगालगत घ्यायचे, एक घडी डावीकडून, एक उजवीकडून, टोक पाठीखाली. मूल दोन तास गाढ झोपणार. "माझ्या हातचं गाठोडं सुटलं तर नाव बदलीन," असं त्या म्हणायच्या आणि आम्ही आया तोंडभरून कौतुक करायचो. खरं सांगायचं तर ऑफिसात आम्हाला फोन येत नसे, एवढंच त्या कौतुकामागचं कारण.

दवाखान्यातल्या नर्सबाई अधूनमधून पाळणाघरात चक्कर टाकत. त्यांनी बजावलं होतं, "मावशी, मूल उताणंच निजवा. गादी घट्ट, सपाट हवी. उशी, लोड, खेळणी काही नको. आणि वळायची चिन्हं दिसली की त्याच दिवसापासून गुंडाळणं बंद. पालथं पडलं तर हातावर जोर देऊन तोंड तरी वळवेल."

मावशींनी उशा काढल्या, लोड काढले. गाठोडं मात्र त्यांच्याच्यानं सुटेना. मोकळ्या हातांचं मूल दचकून जागं होतं, एक रडलं की पाचही सूर लावतात, आणि मावशींना हात दोनच. म्हणून त्या चार-सहा दिवस पुढं ढकलायच्या. इतकी वर्षं निभावून गेलं. आम्हालाही ते ठाऊक होतं. आम्ही कानाडोळा केला.

मागच्या वर्षी ऑफिसातल्या एका नव्या मुलीला हे पाळणाघर मी सुचवलं. मीच. तिची लेक साडेचार महिन्यांची, कपाळावर कायम आठ्या, म्हणून मावशींनी तिचं नाव 'मास्तरीण' ठेवलं.

एका सोमवारी तिची आई दारातूनच ओरडली, "मावशी, काल पालथी पडली! एकदाच, पण स्वतःहून!"

मावशींनी मास्तरणीचे पटापट मुके घेतले. "आता वर्गात कोणाची खैर नाही," म्हणाल्या. आणि अकरा वाजता रोजच्या हातानं तिला गुंडाळून निजवलं. "आजचा एक दिवस, उद्यापासून हात मोकळे ठेवू, असं मनात आलं होतं गं," हे त्यांनी मला नंतर सांगितलं. दुसऱ्या खोलीत त्या पाच बाटल्यांचं दूध गरम करत होत्या. कान इकडेच होते, पण आवाज काही आला नाही. परत आल्या तेव्हा मास्तरीण पालथी होती, तोंड गादीत. गाठोडं जराही सुटलं नव्हतं.

चौकशी झाली, पाळणाघर बंद झालं. लोक मावशींना नको नको ते बोलले. मला कोणीच काही बोललं नाही, याचीच मला जास्त चीड येते.

महिन्याभरानं मी मावशींकडे गेले होते. त्या रिकाम्या खाटांकडे पाठ करून बसल्या होत्या. तेवढ्यात ऑफिसातली ती मुलगी लेकीचे राहिलेले कपडे न्यायला आली. मावशींनी पिशवी पुढं केली. पिशवी घेऊनही ती जागची हलेना.

"मी एकदाच पाहिलं तिला वळताना," ती म्हणाली. "तुम्ही पाहिलंत ना, दुसऱ्यांदा?"

हो म्हणा, मावशी, मी मनात विनवत होते. एवढं एक खोटं बोला.

"नाही गं बाळा," मावशी म्हणाल्या. "मी दूध गरम करत होते."

तिनं मान हलवली. पिशवी खांद्याला लावली.

"म्हणजे कोणीच नाही पाहिलं," ती म्हणाली आणि गेली.